दोन घरांची लेक : अमृता शेरगिल

गणेशोत्सवात आपल्या मंडळात मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवण्याची प्रथा जुनी आहे. विषय बहुधा ठरलेलेच असतात. आमचा गणपती, पावसाळ्यातला दिवस, माझे कुटुंब. सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, मुले कागद घेऊन पालथी पडतात, आणि मागे उभी असलेली एखादी आई हळूच वाकून सांगते की आकाश निळे कर, चेहरा जरा हसरा काढ. दरवर्षी हे पाहताना मला एका चित्रकार मुलीची आठवण होते. तिच्या चित्रांतली माणसे सहसा हसत नाहीत. तिलाही आयुष्यभर लोकांनी हेच सुचवले, आणि तिने ते कधी ऐकले नाही.

तिचे नाव अमृता शेरगिल. वडील पंजाबी शीख, आई हंगेरियन. जन्माने तिचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही. तरी तिच्या वाटचालीत मुंबई आहे, अजिंठा-वेरूळ आहे आणि आपले हैदराबादही आहे. शिवाय, आपण नक्की कुठले, हा प्रश्न तिला लहानपणापासून होता. मूळ गाव एकीकडे आणि घर दुसरीकडे असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो प्रश्न नवा नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत तिची कहाणी सांगावीशी वाटली.

अमृताचा जन्म 30 जानेवारी 1913 रोजी हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात झाला. वडील उमरावसिंग शेरगिल हे मजिठा येथील सरदार घराण्यातले. संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी, छायाचित्रणाचे वेडे, स्वभावाने एकांतप्रिय. आई मारी आंत्वानेत ही गायिका, पियानो वाजवणारी, माणसांत रमणारी. महाराजा रणजितसिंगांची नात बांबा हिच्या सोबतीने ती लाहोरला आली आणि तेथेच 1912 साली दोघांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी अमृता आणि 1914 साली धाकटी इंदिरा जन्मली. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. अमृता आठ वर्षांची होईपर्यंत तिने भारत पाहिलाच नव्हता. तिची बोली हंगेरियन, गोष्टी हंगेरियन, आणि त्या गोष्टींना रंगीत पेन्सिलींनी काढलेली चित्रेही तिकडचीच.

1921 साली शेरगिल कुटुंब भारतात आले आणि सिमल्याला समर हिल भागात राहू लागले. सिमला म्हणजे तेव्हा गोऱ्या साहेबांची उन्हाळी राजधानी. दोघी बहिणी पियानो आणि व्हायोलिन शिकत, गेईटी थिएटरात नाटकांत कामे करत. साहेबांच्या पोरींत या देशी ठरत आणि पंजाबी नातेवाइकांत मेमसाहेब. आईच्या हौसेखातर 1924 साली अमृताला काही महिने इटलीत फ्लॉरेन्सच्या शाळेतही घातले होते. कडक शिस्तीच्या त्या शाळेत ती रमली नाही आणि लवकरच परत आली. पुढे सिमल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आपला देवावर विश्वास नाही असे तिने उघडपणे सांगितले आणि तिला शाळेतून काढण्यात आले.

याच काळात तिने एक लग्न पाहिले. नवरी जवळजवळ तिच्याच वयाची, नवरा प्रौढ. दागिन्यांनी मढवलेली ती मुलगी पाहुण्यांच्या गर्दीत एकटी बसली होती आणि तिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. बारा वर्षांच्या अमृताने त्या रात्री रोजनिशीत तिच्याबद्दल लिहिले. वाजंत्री, जेवणावळ, रोषणाई यांपेक्षा तिला त्या नवरीचे डोळे लक्षात राहिले. ही नोंद आपण ध्यानात ठेवायची, कारण पुढची सगळी चित्रे या नोंदीतून निघालेली आहेत असे वाटावे इतकी ती महत्त्वाची आहे.

तिचा मामा एर्विन बाक्ताय हा भारतविद्येचा अभ्यासक आणि स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेला. तो भारतात आला तेव्हा त्याने भाचीची चित्रे पाहिली आणि एक साधी गोष्ट सांगितली. मनाने चित्रे रचू नकोस, समोर माणूस बसव आणि त्याच्याकडे पाहून काढ. घरात नोकरचाकर होते. अमृता त्यांनाच समोर बसवून काढू लागली. ज्यांच्याकडे घरातले लोक काम सांगण्यापुरतेच पाहत, त्यांच्या चेहऱ्याकडे ही मुलगी तासन् तास पाहत बसे. चित्रकलेचा पहिला धडा तिला असा घरातच मिळाला.

मुलीच्या हातात खरे बळ आहे हे ओळखून 1929 साली आईवडिलांनी सगळे बिऱ्हाड पॅरिसला हलवले. अमृता तेव्हा सोळा वर्षांची होती. आजच्या काळातही मुलीच्या चित्रकलेसाठी घर हलवणारे आईबाप विरळाच. प्रथम एका खासगी चित्रशाळेत आणि मग तिथल्या नामांकित एकोल दे बोझार या संस्थेत ल्युसियाँ सिमों यांच्या हाताखाली ती शिकली. तैलरंगांवर तिचा हात बसला. सेझान आणि गोगँ यांच्या चित्रांनी तिला भारून टाकले.

पॅरिसमधल्या या पाच वर्षांत तिने स्वतःची चित्रे पुष्कळ काढली. एका चित्रात ती खळखळून हसणारी युरोपीय तरुणी आहे, दुसऱ्यात गंभीर, तिसऱ्यात थकलेली. 1934 सालच्या एका चित्रात तर तिने स्वतःला दूरच्या ताहिती बेटावरची सावळी स्त्री म्हणून रंगवले आहे. आजची तरुण मुले फोनवर स्वतःची छायाचित्रे काढतात, पुसतात, पुन्हा काढतात, आणि आपण त्यांना हसतो. अठरा-एकोणीस वर्षांची अमृता वेगळे काय करत होती? आरशासमोर बसून ती स्वतःलाच विचारत होती की यातली खरी मी कोणती. फरक एवढाच की उत्तर मिळेपर्यंत तिने प्रश्न सोडला नाही, आणि प्रत्येक वेळी विचारताना हात अधिक पक्का केला.

1932 साली तिने ‘यंग गर्ल्स’ हे मोठे चित्र रंगवले. त्यात दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या आहेत. एक आहे बहीण इंदिरा, नीटनेटकी, ताठ, आत्मविश्वासाने पाहणारी. दुसरी एक फ्रेंच मैत्रीण, केस मोकळे सुटलेले, चेहरा त्या केसांत अर्धा झाकलेला, जरा हरवलेली. अनेक जाणकारांना या दोघींत अमृताचीच दोन मने दिसतात. या चित्राला 1933 साली पॅरिसच्या ग्रँड सलों प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि तिला त्या संस्थेचे सहसदस्यत्व देण्यात आले. वय वर्षे वीस. एवढ्या लहान वयात हा मान क्वचितच कुणाला मिळे.

इथे तिची कहाणी सुखाने संपू शकली असती. पॅरिसमध्ये नाव झाले होते, वाट मोकळी होती. पण त्याच सुमारास तिला भारतात परतण्याची ओढ लागली. आपल्या चित्रातले रंग युरोपच्या करड्या उजेडात घुसमटतात, आपले खरे काम तिकडे आहे, असे तिला वाटू लागले. वडिलांना ही कल्पना रुचली नाही. मुलीची मोकळी राहणी इथल्या समाजात चालणार नाही, घराण्याचे नाव खराब होईल, अशी त्यांना धास्ती होती, आणि तसे त्यांनी कळवलेही. वडिलांचे ते शब्द तिला लागले. तरी तिने शांतपणे उत्तर लिहिले. युरोपात राहिल्यामुळेच आपल्याला भारत दिसू लागला, असा त्या पत्राचा आशय होता. 1934 च्या अखेरीस ती परतली. इथे आल्यापासून तिने साडी नेसायला सुरुवात केली.

परतल्यावर तिने प्रथम काय रंगवावे? राजवाडे, देवदेवता, मोर, नर्तकी यांपैकी काहीही नाही. 1935 साली अमृतसरला तिने ‘थ्री गर्ल्स’ हे चित्र काढले. तीन मुली एकमेकींना खेटून बसलेल्या. साध्या रंगीत वस्त्रांत, नजरा खाली, हात मांडीवर विसावलेले. पाहणाऱ्याकडे कुणीच पाहत नाही, एकमेकींकडेही नाही. आपल्या आयुष्याचे काय होणार हे दुसरे कुणीतरी ठरवणार आहे, हे त्यांना ठाऊक असल्यासारख्या त्या बसल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या रोजनिशीतली ती नवरी इथे पुन्हा आली, आणि या वेळी तिच्याकडे पाहिल्यावाचून कुणाला पुढे जाता येईना. त्याच वर्षी सिमल्यात तिने ‘हिल मेन’ आणि ‘हिल विमेन’ ही पहाडी माणसांची चित्रे केली, आणि पुढच्याच वर्षी एका बालवधूचे.

लोकांना ही चित्रे आवडली असे मुळीच नाही. हिंदुस्थान इतका रंगीबेरंगी, आणि या मुलीला फक्त उदास माणसेच दिसतात का, असे विचारले जाई. 1935 साली सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीकडे तिने दहा चित्रे पाठवली. त्यांतली पाच नाकारून परत आली आणि उरलेल्यांपैकी एकाला बक्षीस जाहीर झाले. बावीस वर्षांच्या अमृताने ते बक्षीस साभार परत केले. नव्या वाटेवरची चित्रे नाकारून दिलेला मान तिला नको होता. यात तारुण्याचा ताठा होता, हे खरेच. बोलण्यातही ती फटकळ होती आणि त्याची किंमत तिने वेळोवेळी मोजली.

1936 च्या हिवाळ्यात ती प्रदर्शनासाठी मुंबईला आली. तिथे कार्ल खंडालावाला यांची भेट झाली. पेशाने वकील आणि चित्रांचे मोठे पारखी असलेल्या खंडालावालांनी तिला राजपूत आणि पहाडी लघुचित्रे दाखवली. तिच्या कामाचे मोल ओळखणाऱ्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते होते आणि ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. पुढे 1937 साली ‘थ्री गर्ल्स’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. सिमल्याने ज्या वाटेला नाकारले होते, त्या वाटेला मुंबईने असा मान दिला.

मुंबईहून ती अजिंठा आणि वेरूळ पाहायला गेली. तेव्हा ही लेणी निजामाच्या राज्यात होती, म्हणजे त्या अर्थी आपल्याच संस्थानात. अजिंठ्याच्या अंधारात दिव्याच्या उजेडात तिने ती चित्रे पाहिली आणि तिला आपला माणूस भेटल्यासारखे झाले. तिथल्या आकृतींत बारकाव्यांचा सोस नाही. थोडक्या रेषेत शरीर उभे राहते, तपकिरी अंगावर प्रकाश खेळतो, आणि दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक शांत विचार असतो. त्या काळी अजिंठ्याच्या आकृतींची हुबेहूब, नाजूक नक्कल करणारे चित्रकार पुष्कळ होते. अमृताने नक्कल केली नाही. त्या चितारींनी आपल्या भोवतीची माणसे जशी आपलेपणाने पाहिली, तशी आपण आपल्या भोवतीची माणसे पाहायची, एवढे तिने तिथून उचलले.

तिथून ती हैदराबादला आली. या भेटीची एक हकिकत तिच्या चरित्रांत सांगितली जाते आणि आपल्या शहराने ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नवाब सालारजंग यांनी तिची काही चित्रे पाहण्यासाठी ठेवून घेतली. आपला युरोपीय चित्रांचा संग्रहही त्यांनी तिला दाखवला आणि मत विचारले. तिने भीड न ठेवता सांगितले की यातली बरीचशी चित्रे सुमार अभिरुचीची आहेत. यथावकाश तिची चित्रे परत आली. आपण सगळेच मुलाबाळांना घेऊन सालारजंग संग्रहालयात गेलेलो आहोत. संगमरवरी बुरख्यातली रिबेका पाहिली आहे, घड्याळातला छोटा माणूस ठोका देतो तेव्हा गर्दीत उभे राहिलो आहोत. नवाबांनी या शहराला केवढा खजिना दिला याबद्दल कृतज्ञ राहूनही वाटते की त्या दालनांत अमृताचे एखादे चित्र असते तर! ज्याने एवढे जमवले त्यालाही समोर उभी असलेली नवी गोष्ट ओळखता आली नाही. आपल्या घरात तसे होत नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

हैदराबादहून ती दक्षिणेला, थेट कन्याकुमारीपर्यंत गेली. कोचीनच्या मट्टनचेरी वाड्यातली भित्तिचित्रे तिने पाहिली. परत सिमल्याला जाऊन 1937 साली तिने तीन मोठी चित्रे रंगवली. ‘ब्राइड्स टॉयलेट’मध्ये नवरीचा साजशृंगार आहे, पण आनंदाचा गलबला नाही. ‘ब्रह्मचारी’मध्ये पांढरे धोतर नेसलेली, उघड्या अंगाची, जानवे घातलेली पाच मुले बसली आहेत. तिसऱ्यात दक्षिणेकडचे गावकरी बाजाराला निघाले आहेत. या ब्रह्मचाऱ्यांकडे पाहताना आपल्या घरातल्या मुंजी आठवतात. बटूभोवती केवढी धांदल असते आणि तो मात्र मध्यभागी गप्प, कसल्याशा विचारात. तो क्षण टिपायला परक्या वाटणाऱ्या या मुलीचे डोळे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरला तिचे प्रदर्शन झाले आणि जाणकारांनी तिला मनापासून दाद दिली.

1938 साली ती हंगेरीला गेली आणि आपला मावसभाऊ डॉक्टर व्हिक्टर एगान याच्याशी तिने लग्न केले. आईला हे लग्न पसंत नव्हते. ती तिकडे असताना इकडे आईवडिलांनी घरात ठेवलेली तिची खासगी पत्रे जाळून टाकली. कुणाच्या हाती लागली तर बोभाटा होईल ही भीती. त्यांच्या दृष्टीने ते मुलीचे रक्षण होते. अमृताला मात्र आपल्या आयुष्याचा एक तुकडाच कुणीतरी चुलीत घातल्यासारखे झाले, आणि तसे तिने त्यांना कळवले. मुलीच्या चित्रांसाठी पॅरिसला घर हलवणारे हेच आईबाप. चित्रांतली अमृता त्यांना अभिमानाची वाटे, पत्रांतली अमृता सोसत नसे. प्रेम कमी होते असे नाही. तरुण मुलांच्या मनात डोकावायची वेळ येते तेव्हा भले भले आईबाप असेच गांगरतात.

युद्धाच्या तोंडावर 1939 साली नवराबायको भारतात आले आणि गोरखपूरजवळ सराया येथे राहू लागले. तिथे काकांची जमीन आणि साखर कारखाना होता. व्हिक्टर तिथे डॉक्टरकी करी. हे आयुष्य एकसुरी होते. चित्रांवर बोलायला माणूस नाही, विक्री नाही, मधून मधून मन खचून जाई. पण या एकांतात तिची चित्रे पुन्हा बदलली. लघुचित्रांचा अभ्यास आता फळाला आला. आकार लहान झाले, रंग उजळले. अंगणात हळद कुटणाऱ्या बायका, खाटेवर आडवी झालेली स्त्री, झोके घेणाऱ्या मुली, गोष्ट सांगणारा म्हातारा. दुःख गेले नाही, पण त्याच्या शेजारी लाल आणि हिरवा रंग येऊन बसला. ती आता कुणाला काही सिद्ध करून दाखवत नव्हती. समोरच्या माणसांत ती राहत होती आणि त्यांना रंगवत होती.

1941 च्या सप्टेंबरात दोघे लाहोरला आले. इथे मित्रमंडळी होती, नवी उमेद होती. डिसेंबरात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. तयारी चालू असतानाच ती अचानक आजारी पडली आणि 5 डिसेंबरच्या मध्यरात्री तिचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावीस. गच्चीवरून दिसणारा घरामागचा देखावा आणि त्यातल्या म्हशी रंगवायला घेतल्या होत्या, ते चित्र अपुरेच राहिले. ठरलेले प्रदर्शन झाले, पण तिच्या मागे.

पुढचे सारे तिला पाहायला मिळाले नाही. तिची बरीचशी चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. 1976 साली सरकारने तिच्या चित्रांना राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले, त्यामुळे ती देशाबाहेर नेता येत नाहीत. ज्या मुलीला आपण कुठले हे ठरवायला इतकी वर्षे लागली, तिची चित्रे कुठली हे आता कायद्यानेच ठरले आहे. इंदिरेचा मुलगा विवान सुंदरम वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकला आणि पुढे मोठा कलावंत झाला. मावशीची उरलेली पत्रे आणि लेखन त्याने कष्टाने जमवून प्रसिद्ध केले. आईबापांनी जे जाळले ते परत आले नाही, पण जे वाचले ते भाच्याने जपले. 2023 साली तिच्या ‘द स्टोरी टेलर’ या 1937 च्या चित्राला लिलावात 61.8 कोटी रुपये मिळाले. सरायाच्या दिवसांत पैशाची ओढाताण सोसणाऱ्या अमृताला हा आकडा ऐकून बहुधा हसू आले असते.

तिची कहाणी वाचताना आपल्या घरातली मुले डोळ्यांसमोर येतात. आजीशी मराठी, खाली खेळताना तेलुगू आणि हैदराबादी हिंदी, शाळेत इंग्रजी. पुण्याला लग्नाला गेले की भावंडे यांच्या बोलण्याला हसतात, आणि इथे कुणी विचारते की तुम्ही मूळचे कुठले. मोठ्यांनी या प्रश्नाची सवय करून घेतली आहे. मुलांना ती अजून झालेली नसते. बोलून दाखवण्याइतके शब्द नसतात, म्हणून कुणी वहीच्या मागच्या पानावर काहीबाही काढते, कुणी खोलीच्या भिंतीवर. अमृताने दोन्ही घरांपैकी एक निवडले असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. पॅरिसने दिलेला हात आणि अजिंठ्याने दिलेली नजर, दोन्ही तिच्या चित्रांत शेवटपर्यंत राहिली. दोन घरे असणे ही उणीव आहे असे तिला चित्र काढताना तरी वाटले नाही.

यंदाही मंडळात स्पर्धा होईल, सतरंज्या अंथरल्या जातील. एखादे मूल गणपतीच्या चित्रात आरतीच्या गर्दीपासून दूर, खांबाला टेकून एकटे उभे असलेले कुणीतरी काढेल. तेव्हा चेहरा हसरा कर असे सांगण्याआधी आपण क्षणभर थांबू या, त्याच्या शेजारी सतरंजीवर बसू या आणि हा कोण आहे, एवढेच विचारू या. सांगायचे असेल तर ते सांगेल. नसेल सांगायचे, तर रंग पुरेसे आहेत ना ते पाहून उठू या.